'माझा आवडता छंद' : मुलांना खरा छंद लिहू द्या



'माझा आवडता छंद' हा निबंध आपण स्वतः शाळेत असताना लिहिला, आता मुलांकडून लिहून घेतो आणि तपासतोही. वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेतला की काय काय निघणार हे आधीच माहीत असतं. वाचन, बागकाम, चित्रकला आणि पोस्टाची तिकिटं जमवणं. तिकिटांची तर गंमतच आहे. ज्या मुलाने आजवर एकही पत्र टपालात टाकलेलं नाही, तो लिहितो, 'माझ्याकडे देशोदेशीची तिकिटे आहेत.' शेवटी 'छंदामुळे फावल्या वेळेचा सदुपयोग होतो' हे वाक्य ठरलेलं. वर्गात चाळीस मुलं असली तर ते वाक्य चाळीस वेळा वाचायचं आणि चाळीस वेळा त्यावर बरोबरची खूण करायची.

आता हीच मुलं मधल्या सुट्टीत काय बोलतात ते जरा कान देऊन ऐका. एकजण 'वन पीस'मधल्या कुठल्या समुद्री चाच्याची ताकद जास्त यावर तावातावाने भांडत असतो. दुसरा गेल्या मोसमातल्या आयपीएलचे धावफलक तोंडपाठ म्हणून दाखवतो. एखादी मुलगी मैत्रिणीला सांगत असते की हुरड्याचं कणीस तोडायच्या आधी दाणा नखाने दाबून बघायचा, दूध निघालं तर अजून थांबायचं. घंटा होते, मुलं वर्गात येतात, वही उघडतात आणि लिहितात, 'माझा आवडता छंद वाचन.'

माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रकार निरुपद्रवी नाही. मूल निबंधात खोटा छंद लिहितं तेव्हा त्याच्या मनात एक गोष्ट पक्की होत जाते : मराठीच्या तासाला आपल्या मनातलं बोलायचं नसतं, चांगलं दिसेल तेच लिहायचं असतं. आवडीच्या गोष्टींसाठी हिंदी आहे, इंग्रजी आहे आणि मराठी गुणांसाठी. मराठी शाळा, मराठी भाषा यांची काळजी आपण सगळेच करतो. पण ज्या भाषेत आपल्या आवडीचं बोलता येत नाही, ती भाषा परीक्षा संपली की मागे पडणारच.

प्रगतिपत्रकातला एक रकाना

आपल्या वर्णनात्मक नोंदींमध्ये 'आवड / छंद' असा एक रकाना असतो. सत्र संपत आलं की तो भरायची घाई होते. 'चित्रे काढतो', 'गाणी म्हणते', 'गोष्टी वाचायला आवडतात' अशी तयार वाक्यं नोंदींच्या याद्यांमध्ये मिळतात आणि ती उतरवली जातात. पन्नास-साठ मुलं, त्यात दहा इतर कामं, हे सगळं मान्य. पण सबंध प्रगतिपत्रकात मूल कोण आहे हे सांगणारा एवढा एकच रकाना आहे. बाकीचे सगळे रकाने मुलाला काय येतं आणि काय येत नाही एवढंच सांगतात.

त्या रकान्यात 'रानभाज्या ओळखतो, कुठली कधी येते ते सांगतो' अशी नोंद किती जणांनी पाहिली आहे? किंवा 'जपानी कॉमिक्सच्या गोष्टी मराठीत रंगवून सांगतो'? अशी मुलं आपल्या वर्गात बसलेली आहेत. पण त्यांच्या आवडीला छंद म्हणायचं असतं हे त्यांनाही कोणी सांगितलेलं नाही. एकाला वाटतं, ही तर घरची कामं. दुसऱ्याला वाटतं, हे सांगितलं तर ओरडाच बसेल.

कुणाचं तरी वेड लागणं नवीन नाही

पालकांची तक्रार मला माहीत आहे. 'अहो, छंद कसला, नुसतं कार्टूनचं वेड लागलंय.' पण वेड लागणं आपल्याला इतकं परकं आहे का?

आपल्या पणजोबांच्या पिढीचं वेड होतं संगीत नाटक. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, रंगमंचावर जशी साडी नेसत आणि जसे दागिने घालत, तशी साडी नेसायची, तसे दागिने घालायचे, ही त्या काळच्या घरंदाज बायकांमध्ये फॅशन झाली होती. १९२१ साली मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र 'मानापमान' केलं. दोघांचे चाहते वेगवेगळे, त्यांच्यात चुरस. त्या 'संयुक्त मानापमान'च्या आठवणी पुढे कित्येक वर्षं सांगितल्या जात होत्या. आज ज्याला आपण फॅन मंडळी म्हणतो, ती याहून वेगळी नाहीत.

इंग्लंडमधलं उदाहरण त्याहूनही जुनं. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला एका कथेत मारून टाकलं. वाचक एवढे नाराज झाले की संपादकांकडे आणि लेखकाकडे तक्रारींचा पाऊस पडला. शेवटी १९०३ मध्ये डॉयल यांना होम्सला जिवंत करून परत आणावं लागलं. कागदावरच्या माणसासाठी मोठी माणसं भांडली होती.

आणि आपण स्वतः? सचिनचे फोटो वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवणारे, 'एकच षट्कार'च्या नव्या अंकाची वाट बघणारे, 'अशी ही बनवाबनवी' पडद्याच्या आधी पाठ म्हणणारे आपणच ना? पुलंच्या कथाकथनाच्या कॅसेट ऐकून ऐकून कुठे श्वास घेतात तेही कित्येकांना पाठ झालं होतं. त्या पाठांतरातून आपल्या कानावर उत्तम मराठी पडली. कुणी मुद्दाम शिकवली नव्हती. तेव्हाही घरात कुणीतरी म्हणतच होतं, 'याने का पोट भरणार आहे?'

चित्र बघणारं मूल काय करत असतं

आता मुलांच्या वेडाकडे येऊ. 'पोकेमॉन' बहुतेक घरांत माहीत आहे. याचा पहिला खेळ जपानमध्ये १९९६ साली आला. तो ज्यांच्या कल्पनेतून निघाला ते सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे. टोकियोच्या बाहेर जिथे ते वाढले तिथली शेतं आणि तळी हळूहळू बांधकामाखाली गेली. किडे शोधण्याची, पकडण्याची, मित्राशी अदलाबदल करण्याची ती मजा शहरातल्या मुलांनाही मिळावी, हा विचार त्या खेळामागे होता. पहिल्या खेळात १५१ प्राणी होते, आता हजाराच्या वर आहेत. त्यातले दोन-तीनशे एखाद्या चौथीतल्या मुलाला नावानिशी, गुणांनिशी, गटांनिशी माहीत असतात. कुठला पाण्याचा, कुठला आगीचा, कुठला कुणापुढे हरतो हे तो झोपेतही सांगेल. याला आपण विज्ञानाच्या तासाला वर्गीकरण म्हणतो आणि त्याच मुलाला सपुष्प-अपुष्प वनस्पतींचं वर्गीकरण जमत नाही म्हणून शेरा देतो. डोकं तेच आहे. फरक आहे तो गोडीचा.

भाषेच्या बाजूनेही पाहा. एकदा सातवीच्या वर्गात एका मुलाला 'वन पीस'ची गोष्ट मराठीतून सांगायला लावली. ही जपानी चित्रकथा १९९७ पासून चालू आहे आणि तिचे शंभराहून जास्त खंड निघाले आहेत. त्यात एक फळ आहे, ते खाणाऱ्याला अचाट शक्ती मिळते, पण त्याला पोहता येत नाही. मुलगा म्हणाला, 'डेव्हिल फ्रूट'. मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'मराठीत काय म्हणायचं?' कुणी म्हणालं सैतानी फळ, कुणी म्हणालं भुताचं फळ. एकीने सुचवलं, 'शापाचं फळ म्हणा, कारण शक्ती मिळते पण काहीतरी जातंच.' पाच मिनिटं वर्ग शब्दांवर भांडत होता. वर आणि शाप यांतला फरक मुलं आपणहून बोलली. मराठीचा तास म्हणजे आणखी काय असतं?

परकं काही आवडलं तर ते मराठीत आणावं ही परंपरा आपल्याकडे चांगली जुनी आहे. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा भा. रा. भागवतांनी मराठी मुलांसाठी आणल्या, त्या त्यांना स्वतःला भावल्या म्हणूनच ना? त्याच भागवतांनी आपल्या मातीतला फास्टर फेणे दिला. बाहेरच्या गोष्टीवरचं प्रेम आणि स्वतःच्या भाषेवरचं प्रेम यांत भांडण लावायची गरज नाही.

अर्थात, डोळे फाडून तासन् तास पडद्याकडे बघणं म्हणजे छंद, असं मी म्हणत नाही. फरक ओळखायला एक साधी कसोटी आहे. पडदा बंद झाल्यावर काय उरतं ते बघा. मूल त्यातलं पात्र वहीवर काढतं, गोष्ट पुढे स्वतः रचतं, मित्राशी वाद घालतं, यादी करतं, पुठ्ठ्याची तलवार बनवतं, तर तो छंद. पडदा बंद झाल्यावर नुसती चिडचिड उरत असेल आणि 'काय पाहिलंस' विचारल्यावर सांगता येत नसेल, तर ती निव्वळ सवय. छंद जोपासू या, सवय मोडू या. पण दोन्हींना एकाच काठीने हाकायला नको.

आणि जे मूल बाजारात रमतं

कार्टूनवेडं मूल निदान दिसतं तरी. पण ज्याचं सगळं लक्ष आठवडी बाजारात, बांधावर, चुलीपाशी असतं ते मूल तर आपल्याला दिसतच नाही. त्याच्या जाणकारीला आपण 'सामान्य' म्हणून सोडून देतो.

जरा बघा तरी ही जाणकारी किती आहे. पहिल्या पावसाच्या आगेमागे ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात शेवळं येतात. ही सुरणाच्या कुळातली भाजी. नुसती शिजवून खाल्ली तर घसा खाजतो, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून शेवळं विकणाऱ्या मावशीकडे शेजारीच काकडं ठेवलेली असतात, छोटी हिरवी आंबट फळं. ती घातल्याशिवाय भाजी करायची नाही, हे तिथल्या आठ वर्षांच्या मुलीला ठाऊक असतं. अळूच्या फतफत्यात आपण चिंच घालतो त्यामागेही हीच समज. यात रसायनशास्त्र आहे, ऋतूंचं भान आहे आणि कित्येक पिढ्यांचा अनुभव आहे.

पाऊस लागला की टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी. मग श्रावणाच्या सुमाराला करटुली. आणि नावं तरी किती! कोकणातला टाकळा विदर्भात गेला की तरोटा होतो. करटुलीला कुणी कंटोळी म्हणतं, कुणी काटवल. घोळ आणि चिवळ दिसायला बहिणी-बहिणी, पण पानं जवळ धरली की फरक कळतो. एका भाजीची पाच नावं फळ्यावर लिहिली तर बोलींचा धडा वेगळा शिकवायला नको. गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात, तिच्यात रानातली फळं, कंद, शेंगा टांगलेल्या असतात. ज्या घरातलं मूल ती जमवायला मोठ्यांबरोबर जातं, त्याला किती वनस्पती नावाने माहीत असतील याचा विचार करा.

थंडीत सोलापूर, मराठवाडा, अहिल्यानगरकडे हुरडा. ज्वारीचा दाणा हिरवा आणि मऊ असतानाच कणसं आगटीत भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर खायची. गूळभेंडी, सुरती अशा हुरड्याच्या खास जाती असतात. हुरडा शेतातच बसून का खायचा? कारण कोवळ्या दाण्यातली गोडी तोडल्यापासून कमी होऊ लागते, साखरेचं पिष्टमय पदार्थात रूपांतर होत जातं. मटार आणि मक्याच्या कणसाचंही तसंच. ताजं का चवदार लागतं याचं उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात आहे आणि त्याआधी ते आजोबांच्या 'आत्ताच खा, संध्याकाळी मजा नाही' या वाक्यात आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० चा पद्मश्री जाहीर झाला तेव्हा आपण सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, शाळेत त्यांच्यावर भाषणं झाली. वालाचं, भाताचं बियाणं निवडून, ओळखून, जपून ठेवणं हेही जमवणंच आहे. तिकिटं जमवली तर छंद आणि बिया जमवल्या तर नाही, हे कुणी ठरवलं?

छंदाचा क्लास लावू नका

इथवर वाचून एखाद्या पालकाच्या मनात येईल, 'बरोबर आहे, मुलाला चित्रं काढायची आवड आहे, उद्याच क्लास लावते.' थांबा. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. आपण छंदाला दोनच दारं ठेवली आहेत. एक तर 'वेळ वाया घालवू नको' म्हणून बंद करायचा, नाही तर क्लास, परीक्षा, स्पर्धा, प्रमाणपत्र यांच्या रांगेत उभा करायचा. दोन्हीकडे छंद मरतोच.

यावर एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो १९७३ साली प्रसिद्ध केला. बालवाडीतली अशी मुलं निवडली की ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडत होतं. त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर छान प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता नंतर अचानक तेच प्रमाणपत्र दिलं. तिसऱ्या गटाला काहीच नाही. मग काही दिवसांनी मोकळ्या वेळेत कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं. ज्यांना आधी बक्षिसाचं आमिष दाखवलं होतं, त्या मुलांनी बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं आणि काहीच न मिळालेल्यांचं प्रेम मात्र टिकून होतं.

म्हणजे कौतुक वाईट नाही, बक्षीसही वाईट नाही. वाईट आहे तो सौदा. 'हे केलंस तर ते मिळेल' म्हटलं की मुलाला वाटतं, अरे, म्हणजे हे करण्यासारखं नसणार, उगाच कोण बक्षीस देईल?

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत ३१ वं कलम विश्रांती, मोकळा वेळ, खेळ आणि करमणूक यांचं आहे. भारताने १९९२ मध्ये ती संहिता मान्य केली. मोकळा वेळ हा मुलाचा हक्क आहे, अभ्यास झाल्यावर मिळणारी खिरापत नाही. आणि मोकळा वेळ म्हणजे शाळा, शिकवणी, अबॅकस, कराटे यांच्यामध्ये उरलेली वीस मिनिटं नव्हेत.

म्हणूनच पोकेमॉनवाल्या ताजिरींचं उदाहरणही जपून वापरा. 'बघ, छंदातून किती मोठा झाला' असं मुलाला सांगू नका. किडे गोळा करताना ते उद्याचा विचार करत नव्हते, त्यांना किडे आवडत होते. किडे गोळा करणारी बहुतेक मुलं मोठी होऊन दुकान चालवतात, नोकरी करतात, शेती बघतात, आणि तरीही पावसाळ्यात एखादा सोनकिडा दिसला की थांबतात. ते थांबणंही मोलाचं आहे.

पालकांच्या तीन शंका

पहिली शंका : 'सगळंच चालवून घ्यायचं का?' नाही. काही चित्रमालिका आणि खेळ मोठ्यांसाठीच असतात, त्यात मारामारी आणि रक्तपात असतो. नाव ऐकून बंदी घालू नका आणि डोळे मिटून परवानगीही देऊ नका. एक-दोन भाग मुलाशेजारी बसून बघा. शिवाय या वेडामागे मोठा बाजार आहे, कार्डं, बाहुल्या, टी-शर्ट. 'आवडणं आणि विकत घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत' हे घरात मोकळेपणाने बोलायला हवं. मुलाने स्वतः पुठ्ठ्यावर काढलेलं कार्ड विकतच्या कार्डापेक्षा कमी नसतं.

दुसरी शंका : 'रानभाज्या ओळखायला पोरांना रानात पाठवायचं का?' एकटं तर मुळीच नाही. सारख्या दिसणाऱ्या वनस्पती असतात, काही विषारी असतात. जाणत्या माणसाबरोबरच जायचं, त्याने हो म्हटल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. शहरात असाल तर मंडईत जा. भाजी घेताना मुलाला पिशवी धरायला उभं करू नका, मावशींना प्रश्न विचारू द्या. 'ही कशी करायची?' एवढं विचारलं की मावशी खूश होऊन सगळी कृती सांगतात.

तिसरी शंका, सगळ्यात मोठी : 'परीक्षेत गुण कसे मिळणार?' खरं सांगू का, जास्तच मिळतील. दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. गाईडमधलं : 'छंदामुळे जीवनात आनंद निर्माण होतो.' मुलीचं स्वतःचं : 'आजी शेवळं चिरायच्या आधी हाताला तेल लावते आणि मला म्हणते, डोळ्याला हात लावू नकोस.' दिवसभर पेपर तपासून थकलेला परीक्षक कुठल्या वाक्यावर थांबेल? शुद्धलेखन, परिच्छेद, विरामचिन्हं आपण शिकवू शकतो. सांगण्यासारखं काहीतरी असणं मात्र उसनं आणता येत नाही.

वर्गात करून बघण्यासारखं

फार मोठा उपक्रम नको, वेगळी नोंदवही नको. एवढं करून पाहा :

१. निबंधाचं शीर्षक बदला. 'माझा आवडता छंद' ऐवजी 'मला कोणी न सांगता मी काय करत बसतो' किंवा 'मी ज्याबद्दल तासभर बोलू शकते'. शीर्षक बदललं की गाईड आपोआप निरुपयोगी होतं.

२. लिहिण्याआधी बोलू द्या. जोड्या करा. एकाने सांगायचं, दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे : कधीपासून? पहिल्यांदा कुणी दाखवलं? यातलं सगळ्यात अवघड काय? ज्याला यातलं काही येत नाही त्याला कसं समजावशील?

३. एक अट घाला. निबंधात 'आनंद', 'सदुपयोग', 'विरंगुळा' हे शब्द वापरायचे नाहीत. काय घडतं तेवढंच लिहायचं. आनंद वाचणाऱ्याला आपोआप कळेल.

४. परके शब्द अडवू नका, पण विचारा. 'याला मराठीत काय म्हणशील?' उत्तर एकच असायला पाहिजे असं नाही. जमलं नाही तर मूळ शब्द देवनागरीत राहू द्या.

५. भाज्यांचा तक्ता. महिन्यातून एकदा प्रत्येकाने घरी किंवा बाजारात दिसलेली एक हंगामी भाजी किंवा फळ सांगायचं. स्थानिक नाव, दुसरं नाव, घरी कसं करतात. भिंतीवर लावा. वर्षअखेरीस तुमच्या गावाचं खाद्य-पंचांग तयार झालेलं असेल.

६. या तासाला गुण देऊ नका. वही वाचा, खाली शेऱ्याऐवजी एक खराखुरा प्रश्न लिहा. 'मग त्या चाच्याचं पुढे काय झालं?' मूल उत्तर लिहून आणतं की नाही बघा.

७. तुमचा छंदही सांगा. शिक्षकाला घरी जाऊन काय करायला आवडतं हे मुलांना कधी कळतच नाही. जुनी नाट्यगीतं ऐकता, लोणच्याचे प्रयोग करता, कसोटी सामना पाचही दिवस बघता, जे असेल ते सांगा.

पालकांसाठी तर एकच काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. आठवड्यातून एकदा मुलाला म्हणा, 'तुझं ते काय चाललंय, मला नीट समजावून सांग.' मग मोबाईल बाजूला ठेवून ऐका. नावं लक्षात राहणार नाहीत, गोष्ट अर्धीच कळेल, चालेल. मधेच 'यातून शिकायला काय मिळतं?' एवढं मात्र विचारू नका. आणि मूल पहिल्यांदा तुमच्याशी हे बोलेल ते कुठल्या भाषेत, याकडे लक्ष द्या. घरात मराठी असेल तर ते मराठीतच सांगेल, अडखळत, मधे इंग्रजी-हिंदी शब्द घालत. त्या अडखळण्याला हसू नका. आपल्या भाषेत पूर्वी कधी न सांगितलेली गोष्ट ते सांगू बघत असतं.

या सत्रात निबंधाच्या वह्या येतील तेव्हा चाळीसपैकी दहा जरी खऱ्या निघाल्या, तरी तपासायला बसण्यात मजा येईल. आणि प्रगतिपत्रकातला तो रकाना भरताना यादी शोधावी लागणार नाही.